प्रतिजैविकांचे गट आणि जिवाणूंवरील त्यांची क्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधांच्या दुकानात "जरा स्ट्राँग अँटिबायोटिक द्या" ही मागणी रोज ऐकू येते. खाली दिलेली बरीच उत्तरे एका परीने त्याच मागणीला आहेत, कारण प्रतिजैविकांचे गट ताकदीवरून पडलेले नाहीत. औषध जिवाणूच्या कोणत्या भागाला जाऊन चिकटते आणि त्या भागापर्यंत त्याला पोहोचता येते का, या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून असते. कोणते औषध, किती आणि किती दिवस घ्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. येथे त्यामागची कारणे तेवढी सांगितली आहेत.

प्रश्न : प्रतिजैविक जिवाणूंना मारते, मग आपल्या पेशींना का मारत नाही?

जिवाणूच्या पेशीत असे काही भाग असतात जे माणसाच्या पेशीत मुळातच नसतात, किंवा असले तरी त्यांची घडण वेगळी असते, आणि प्रतिजैविक नेमके तेथेच काम करते. पेप्टिडोग्लायकनची पेशीभित्तिका आपल्या पेशींना नसते. प्रथिने तयार करणारे रायबोसोम दोघांकडेही असतात, पण जिवाणूंचे ७० एस प्रकारचे आणि आपल्या पेशीद्रवातले ८० एस प्रकारचे (एस हे कण द्रवात किती वेगाने खाली बसतो याचे माप, म्हणून भागांचे आकडे सरळ बेरजेने जुळत नाहीत). फॉलिक आम्ल आपल्याला पालेभाज्या आणि डाळींतून मिळते, तर बहुतेक जिवाणूंना ते स्वतः बनवावे लागते.

हा फरक सगळीकडे सारखा मोठा नसतो, हे मात्र लक्षात ठेवावे. आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचे (मायटोकाँड्रियांचे) रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमांशी बरेच मिळतेजुळते असतात. त्यामुळे लिनेझोलिडसारखे औषध काही आठवडे चालू राहिले तर रक्तातील प्लेटलेट कमी होऊ शकतात आणि डॉक्टर अधूनमधून रक्त तपासायला सांगतात.

प्रश्न : मुख्य गट कोणते?

पेशीभित्तिकेवर काम करणाऱ्यांत पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम आणि व्हॅन्कोमायसिन येतात. रायबोसोमवर टेट्रासायक्लिन, मॅक्रोलाइड, अमिनोग्लायकोसाइड, क्लिंडामायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि लिनेझोलिड. डीएनए व आरएनएच्या कामात अडथळा आणणाऱ्यांत फ्लुरोक्विनोलोन, रिफॅम्पिसिन आणि मेट्रोनिडाझोल. सल्फा औषधे व ट्रायमेथोप्रिम फॉलिक आम्लाची निर्मिती थांबवतात, आणि कोलिस्टिन जिवाणूचे पटलच, म्हणजे पेशीभोवतीचे पातळ आवरणच, फोडते.

प्रश्न : पेनिसिलिन नेमके काय करते?

जिवाणूची भित्तिका कारवीच्या कुडासारखी असते, असे समजा: शर्करेच्या लांब साखळ्या या उभ्या काठ्या आणि त्यांना एकमेकींशी बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे म्हणजे आडव्या बांधण्या. या बांधण्या घालण्याचे काम काही एन्झाइम करतात. पेनिसिलिनच्या रेणूतील चार अणूंचे बीटा-लॅक्टम वलय आकाराने त्या दुव्याच्या टोकाशी इतके जुळते की एन्झाइम फसून त्यालाच धरते आणि कायमचे अडकून बसते. जिवाणू वाढतच असतो, भित्तिकेचे जुने भाग मोडून नवे घालण्याचे त्याचे काम चालूच असते. मोडणे चालू राहते आणि बांधणे थांबते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असल्याने शेवटी जिवाणू फुटतो.

यातून दोन गोष्टी ओघाने येतात. जो जिवाणू सध्या वाढतच नाही, त्याच्यावर पेनिसिलिन फारसे चालत नाही. आणि ज्याला भित्तिकाच नाही, उदाहरणार्थ न्यूमोनिया करणारा मायकोप्लाझ्मा, त्याच्यावर पेनिसिलिनची कितीही मोठी मात्रा दिली तरी उपयोग शून्य.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये बुरशीच्या वसाहतीभोवती जिवाणू विरघळलेले दिसले, पण त्यापासून रुग्णाला देता येईल असे औषध घडवले ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांच्या गटाने. १९४५ चे नोबेल तिघांना मिळून दिले गेले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पिंपरीची ओळख आज मोटारींच्या कारखान्यांमुळे असली, तरी देशी प्रतिजैविकांचा इतिहास तिच्यापासून सुरू होतो.

प्रश्न : '६२५' च्या गोळीत क्लॅव्ह कशासाठी असते?

या गोळीत ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असते. अनेक जिवाणू बीटा-लॅक्टमेज नावाचे एन्झाइम तयार करून अमॉक्सिसिलिनचे वलय फोडून टाकतात. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल स्वतः जिवाणूला जवळजवळ काहीच करत नाही. ते त्या एन्झाइमला गुंतवून ठेवते आणि अमॉक्सिसिलिनला वाट मोकळी करून देते. त्यामुळे ज्या जिवाणूकडे हे एन्झाइम नाहीच, त्याच्या संसर्गात '६२५' ही साध्या अमॉक्सिसिलिनपेक्षा सरस ठरत नाही. उलट क्लॅव्हमुळे पोट बिघडण्याचे प्रमाण वाढते. घशात पू करणारा स्ट्रेप्टोकॉकस हा असाच जिवाणू आहे, तरीही घशासाठी सर्रास '६२५' लिहिली जाते, हे खटकते.

लहान मुलांच्या सुक्या सिरपबद्दलही येथेच सांगायला हवे. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल पाण्यात फार दिवस टिकत नाही, म्हणूनच बाटलीत भुकटी वेगळी येते. उकळून पूर्ण गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालावे, हलवावे, फेस बसला की पाणी खुणेच्या खाली गेलेले दिसते, तेव्हा पुन्हा खुणेपर्यंत भरावे. तयार औषध फ्रिजमध्ये ठेवावे, दर वेळी हलवून द्यावे आणि सात दिवसांनी उरलेले टाकून द्यावे.

प्रश्न : सेफॅलोस्पोरिनच्या 'पिढ्या' असतात, नवी पिढी जास्त ताकदीची का?

नाही. पहिल्या पिढीतील सेफॅलेक्सिन त्वचेवरच्या ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर चांगले चालते; तिसऱ्या पिढीतील सेफिक्झिम व सेफ्ट्रिआक्झोन ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंवर जास्त परिणामकारक आहेत, पण गळू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर सेफिक्झिम अगदीच कमकुवत पडते. गळवासाठी सेफिक्झिम घेणारा रुग्ण महागडे आणि चुकीचे औषध घेत असतो.

ग्राम-पॉझिटिव्ह आणि ग्राम-निगेटिव्ह हा भेद हान्स क्रिश्चन ग्राम यांनी १८८४ साली शोधलेल्या रंगपद्धतीतून आला. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या भित्तिकेबाहेर आणखी एक पटल असते आणि औषधाला त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरावे लागते. व्हॅन्कोमायसिनचा रेणू त्या छिद्रांसाठी फार मोठा आहे. म्हणून अतिदक्षता विभागात मानाने वापरले जाणारे हे औषध मूत्रमार्गात सर्वाधिक आढळणाऱ्या ई. कोलायचे काहीही बिघडवू शकत नाही.

प्रश्न : रायबोसोमवर काम करणारी औषधे एवढी वेगवेगळी का आहेत?

कारण रायबोसोम हे एकच यंत्र असले तरी त्याला अडवण्याच्या जागा अनेक आहेत. त्याचे दोन भाग असतात. लहान, ३० एस भाग जनुकीय संदेश वाचतो आणि मोठा, ५० एस भाग अमिनो आम्ले जोडतो. टेट्रासायक्लिन लहान भागावर बसून अमिनो आम्ल घेऊन येणाऱ्या रेणूला जागाच देत नाही. अमिनोग्लायकोसाइड, म्हणजे जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, त्याच लहान भागावर बसतात पण काम बंद पाडत नाहीत. संदेश चुकीचा वाचायला लावतात. चुकीची प्रथिने पटलात जाऊन बसली की पटल गळू लागते, आणखी औषध आत येते आणि जिवाणू मरतो. ॲझिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन हे मॅक्रोलाइड मोठ्या भागातील त्या बोगद्यात अडकून बसतात, ज्यातून नवे प्रथिन बाहेर पडते.

ही चित्रे इतकी स्पष्ट झाली ती रायबोसोमची रचना अणूंच्या पातळीवर उलगडल्यामुळे. त्या कामासाठी २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना मिळाले.

अमिनोग्लायकोसाइड आत ओढून घेण्यासाठी जिवाणूला प्राणवायूवर चालणारी यंत्रणा लागते. त्यामुळे प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंवर ती चालत नाहीत. शिवाय तोंडावाटे घेतली तर आतड्यातून रक्तात जात नाहीत, म्हणून इंजेक्शन. मूत्रपिंड आणि कान या दोहोंना त्यांचा धोका असतो.

प्रश्न : अमॉक्सिसिलिन दिवसातून तीनदा, अमिकासिन एकदा आणि ॲझिथ्रोमायसिनच्या तीनच गोळ्या, असे का?

रुग्णांना हा फरक विचित्र वाटतो आणि तीनच गोळ्यांचे औषध 'हेवी' असणार असा समज होतो. खरे कारण वेगळे आहे. बीटा-लॅक्टम औषधांचा परिणाम, रक्तातील त्यांचे प्रमाण आवश्यक पातळीच्या वर किती वेळ टिकते यावर असतो. अमॉक्सिसिलिन साधारण तासाभरात निम्मे होते, त्यामुळे ते ठरावीक अंतराने पुन्हा द्यावे लागते, आणि दोन डोस विसरून तिसऱ्या वेळी तीन गोळ्या एकदम घेतल्याने ते नुकसान भरून येत नाही. अमिनोग्लायकोसाइडचे उलट आहे: त्यांना उंच शिखर लागते, आणि पातळी उतरल्यावरही जिवाणू काही तास सावरत नाहीत. दिवसातून एकदा दिल्याने मूत्रपिंडालाही उसंत मिळते. ॲझिथ्रोमायसिन पेशींत साठून राहते आणि निम्मे व्हायला त्याला सुमारे ६८ तास लागतात, म्हणून तिसरी गोळी संपल्यावरही औषधाचे काम चालू असते. याच गुणाची दुसरी बाजू अशी, की शेवटी शेवटी औषधाचे अपुरे प्रमाण बरेच दिवस शरीरात रेंगाळते आणि प्रतिरोधी जिवाणूंना निवडून निघायला सवड मिळते.

प्रश्न : डॉक्सीसायक्लिन दुधाबरोबर घेऊ नये, असे का सांगतात?

दुधातील कॅल्शियमला टेट्रासायक्लिन गटातली औषधे घट्ट बांधली जातात आणि तेवढे औषध आतड्यातून शोषले जात नाही. जुन्या टेट्रासायक्लिनपेक्षा डॉक्सीसायक्लिनवर याचा परिणाम कमी होतो, पण लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्ताची पातळ औषधे दोन-तीन तासांच्या अंतरानेच घ्यावीत. कॅल्शियमची हीच ओढ लहान मुलांच्या वाढत्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पाडते. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये. अन्ननलिकेत अडकली तर तेथे व्रण पडतो.

मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात हे औषध विशेष कामाचे असते. साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून पालिकेचे डॉक्टर जे प्रतिबंधक औषध देतात ते बहुधा हेच. स्क्रब टायफसवरही ते पहिल्या पसंतीचे आहे. स्वस्त आणि जुने असल्याने त्याला कोणी 'स्ट्राँग' म्हणत नाही, एवढेच.

प्रश्न : सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांबद्दल इतकी सावधगिरी का?

हे फ्लुरोक्विनोलोन डीएनए गायरेज व टोपोआयसोमरेज चार या एन्झाइमांना डीएनए कापलेल्या अवस्थेतच गोठवतात. पीळ सोडवण्यासाठी घेतलेला काप पुन्हा सांधला जात नाही आणि जिवाणू मरतो. सावधगिरीची कारणे तीन आहेत. टाचेमागचा स्नायुबंध सुजणे किंवा तुटणे, विशेषतः साठीनंतर आणि स्टिरॉइड चालू असताना, हे पहिले. नसा, मनःस्थिती आणि हृदयाची लय यांवर परिणाम, हे दुसरे. तिसरे आपल्या देशात सर्वांत महत्त्वाचे आहे: ही औषधे क्षयाच्या जंतूवरही चालतात. जुन्या खोकल्यावर निदान न करता आठवडाभर लिव्होफ्लॉक्सासिन दिले की रुग्णाला थोडे बरे वाटते, थुंकीत जंतू सापडत नाहीत, निदान लांबते आणि क्षयाचा जंतू एका मौल्यवान औषधाला सरावतो.

प्रश्न : सल्फा औषधे अजून वापरतात का?

होय. सल्फामेथोक्झाझोल आणि ट्रायमेथोप्रिम यांची जोडी कोट्रायमोक्झाझोल या नावाने मिळते. फॉलिक आम्ल बनवण्याच्या एकाच साखळीतील दोन निरनिराळ्या पायऱ्या ती अडवते. सल्फाची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

प्रश्न : जुलाबावर मेट्रोनिडाझोल किंवा 'ओ-झेड' प्रकारची जोडगोळी घ्यावी का?

बहुतेक वेळा नाही. मेट्रोनिडाझोल प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंच्या आणि अमीबाच्या पेशीत शिरल्यावरच सक्रिय होते आणि तेथील डीएनए तोडते. साध्या पाण्यासारख्या जुलाबाचे कारण बहुधा विषाणू किंवा बाधित अन्न असते. तेथे ओआरएस हेच औषध, आणि मुलांना सोबत झिंक. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकाच गोळीत घालण्यामागे 'जिवाणू असो की अमीबा, काहीतरी लागू पडेल' यापलीकडे तर्क दिसत नाही. शौचात रक्त, तीव्र ताप किंवा ग्लानी असेल तर मात्र गोळी शोधत न बसता डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : क्षयरोगात चार औषधे एकदम का देतात?

हे गणित समजून घेण्यासारखे आहे. क्षयाच्या जंतूंत आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक आपोआप निपजतो, आणि रिफॅम्पिसिनला दाद न देणारा साधारण दहा कोटींत एक. फुप्फुसातील एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात, म्हणजे एकच औषध दिले तर त्याला पुरून उरणारे जंतू तेथे आधीच हजर असतात. दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू मात्र एकावर चौदा शून्ये इतक्या जंतूंत एखादा. तेवढे जंतू शरीरात नसतातच. म्हणून पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, आणि नंतरचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ते घाबरण्याचे लक्षण नाही; पण याच औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी होऊ शकतात, आणि हे सांगायचे अनेकदा राहून जाते.

प्रश्न : मग प्रत्येक संसर्गात दोन औषधे दिलेली बरी नाहीत का?

नाहीत. टेट्रासायक्लिन जिवाणूची वाढ थांबवते आणि पेनिसिलिनला वाढणाराच जिवाणू लागतो, हे वर आलेच आहे. न्यूमोकॉकसमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात नुसते पेनिसिलिन दिलेल्यांपेक्षा पेनिसिलिन व क्लोरटेट्रासायक्लिन ही जोडी दिलेले रुग्ण जास्त दगावले, हे १९५१ सालीच दिसून आले होते.

प्रश्न : सर्दी-खोकला आणि फ्लूवर प्रतिजैविक चालते का?

विषाणूला भित्तिका नाही, स्वतःचे रायबोसोम नाहीत, गायरेज नाही. औषधाने चिकटायचे कशाला?

प्रश्न : जिवाणू औषधाला दाद देईनासे कसे होतात?

मार्ग मुख्यतः चार आहेत: औषध फोडणारे एन्झाइम बनवणे, औषध ज्याला चिकटते तो भाग बदलणे, आत शिरण्याची छिद्रे कमी करणे, आणि आत आलेले औषध पंपाने बाहेर फेकणे. विषमज्वराच्या जंतूने, साल्मोनेला टायफीने, गेल्या पाऊण शतकात यांतले बरेच करून दाखवले आहे. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉलने हा जीवघेणा ताप आटोक्यात आला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमोक्झाझोल या तिन्हींना एकदम दाद न देणारे जंतू भारतात पसरले, कारण तिन्हींविरुद्धची जनुके प्लास्मिड नावाच्या एकाच लहानशा डीएनए वर्तुळावर होती आणि असे वर्तुळ एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो. मग सिप्रोफ्लॉक्सासिनचा काळ आला. त्याला निष्प्रभ करायला गायरेजच्या ८३ व्या जागेवरचे एक अमिनो आम्ल बदलणे ही पहिली मोठी पायरी ठरली. त्यानंतर सेफ्ट्रिआक्झोन आणि ॲझिथ्रोमायसिन. २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात सेफ्ट्रिआक्झोनलाही न जुमानणारा विषमज्वर पसरला. या सगळ्यात एक गोष्ट आशेची आहे: क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर मागे पडल्यावर भारतातील बऱ्याच साल्मोनेला टायफी जंतूंवर ते पुन्हा लागू पडू लागल्याचे प्रयोगशाळांत दिसले आहे.

प्रश्न : पट्टीवरची लाल रेघ कशासाठी?

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध घेऊ नये याची ती खूण आहे; केंद्र सरकारने २०१६ साली तिची मोहीम चालवली. त्याआधी, १ मार्च २०१४ पासून, शेड्यूल एच-१ ही विक्रीवर जास्त कडक नियम असलेल्या औषधांची यादी लागू झाली. तिसऱ्या व चौथ्या पिढीतील अनेक सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम आणि क्षयरोगाची औषधे तिच्यात आहेत. ती विकताना दुकानदाराने रुग्ण, डॉक्टर, औषध आणि संख्या यांची वेगळी नोंद करून ती वही तीन वर्षे ठेवायची असते. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर तो अडवणूक करत नसतो.

प्रश्न : बरे वाटू लागल्यावर औषध थांबवले तर चालते का?

स्वतःच्या मनाने नाही. मात्र 'जितके जास्त दिवस तितके चांगले' हेही खरे नाही. साध्या न्यूमोनियासारख्या अनेक संसर्गांत पाच दिवसांचा उपचार दहा दिवसांइतकाच गुणकारी असल्याचे चाचण्यांत दिसले आहे, आणि जास्तीचे दिवस आतड्यातील निरुपद्रवी जिवाणूंना विनाकारण औषधाची सवय लावतात. क्षयरोगाला यातले काहीही लागू होत नाही. तेथे ठरलेले महिने पूर्ण करायचेच.

प्रश्न : कल्चर रिपोर्टमध्ये ज्या औषधापुढचा आकडा सर्वांत लहान, ते सर्वांत चांगले का?

हा गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो. एमआयसी म्हणून छापलेला आकडा म्हणजे जिवाणूची वाढ थांबवायला प्रयोगशाळेत लागलेले औषधाचे किमान प्रमाण. प्रत्येक औषध शरीरात वेगवेगळ्या पातळीपर्यंत पोहोचते, म्हणून प्रत्येकाची मर्यादारेषाही वेगळी असते. एका औषधाचा ०.५ आणि दुसऱ्याचा ८ हे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. ज्याच्यापुढे ८ आहे ते मर्यादेच्या बरेच आत असू शकते आणि ०.५ वाले काठावर. पाहायचे ते पुढचे अक्षर: एस म्हणजे लागू, आर म्हणजे निरुपयोगी, आणि आय असेल तर मात्रा वाढवून किंवा औषध जेथे साठते अशा जागीच उपयोग. लघवीच्या रिपोर्टवर नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस दिसला, तरी ते मूत्राशयापुरतेच. हे औषध रक्तात पुरेशा प्रमाणात टिकत नसल्याने संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असेल आणि थंडी वाजून ताप येत असेल तर डॉक्टर त्या एसकडे दुर्लक्ष करून दुसरेच औषध लिहितात.